फिनॉलची फर्स्ट शिफ्ट

सकाळी ६.४५
तळोजा एमआयडीसीतल्या आमच्या रेझिनच्या कारखान्यात चहाच्या आधी लॉगबुक उघडतं. नाइट शिफ्टचा केमिस्ट चार्ज देतो: फिनॉलची टाकी ५५ अंशांवर, चिलर चालू, दोन नंबरच्या केटलचा कंडेन्सर धुऊन झालाय. आज प्लायवूडच्या रेझिनची बॅच आहे.

बेंझिनच्या षटकोनी कड्याला ‘ओएच’ जोडला की फिनॉल होतो. हा ‘ओएच’ कड्यावरच्या तीन जागा तापट करून ठेवतो: शेजारच्या दोन आणि बरोबर समोरची एक. समोर आलेल्याशी जोडून घ्यायला त्या टपलेल्याच असतात. माझी पाळी त्या तीन जागांना आवर घालण्यात जाते.

७.३०
दहेजहून टँकर आलाय. फिनॉल ४१ अंशांच्या आसपास गोठतो, म्हणून तो गरमच येतो आणि पाइपलाइनीला स्टीमची नळी गुंडाळलेली असते. क्युमिनपासून फिनॉल बनवताना टनामागे सुमारे ६०० किलो ॲसिटोनही तयार होतं. त्यामुळे ॲसिटोनचा बाजार पडला तरी त्याची झळ फिनॉलवाल्यांना बसते.

नमुना घेते. रंगहीन हवा, गुलाबी झाक दिसली तर हवा लागली असं समजायचं.

“मॅडम, फेसशील्ड,” ऑपरेटर काका आठवण करतात. ते बरोबर आहेत. फिनॉल अंगावर पडला तर त्वचा बधिर होते, त्यामुळे सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तिथे पांढरा डाग पडतो आणि तेवढ्यात तो कातडीतून रक्तात उतरू लागतो. अनलोडिंगच्या जागी शॉवरशेजारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची बाटली ठेवलेली असते ती याचसाठी. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोत जखमेवर कार्बोलिक ॲसिड म्हणून वापरलं ते हेच द्रव्य. जंतू मारणारा गुण आणि कातडी जाळणारा गुण त्यात वेगळे काढता येत नाहीत.

९.००
केटलमध्ये फिनॉल, मग कॉस्टिक. कॉस्टिकने फिनॉलचा फिनॉक्साइड होतो आणि त्या तीन जागा आणखी पेटतात. आता फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं ३७ टक्क्यांचं द्रावण, पण थेंबाथेंबाने, मीटरवर नजर ठेवून. एका फिनॉलमागे जवळपास दोन फॉर्मल्डिहाइड, असं आमचं प्रमाण. फॉर्मल्डिहाइड जास्त आणि अल्कली असली की रेझोल बनतं. ते नुसत्या उष्णतेने कडक होतं. उलट फिनॉल जास्त आणि आम्ल असलं तर नोव्होलॅक. त्याला कडक व्हायला बाहेरून हेक्सामिन घालावं लागतं. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट केलं तेव्हा याच जोडणीला उष्णता आणि दाबाखाली शिस्त लावली. कुकरच्या काळ्या हँडलमध्ये तीच शिस्त अजून आहे.

“सगळं एकदम टाकलं तर तासभर वाचेल की,” नवा ट्रेनी म्हणतो. त्याला १९९७ मधली कोलंबसची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या त्या शहरात कच्चा माल आणि कॅटॅलिस्ट एकदम केटलमध्ये गेले. उष्णता बाहेर काढायला वावच राहिला नाही, केटल फुटली आणि एक कामगार गेला. ट्रेनी मीटरकडे वळतो.

१०.१५
स्टीम बंद केली तरी काटा चढतोच आहे. जोडणी स्वतःच उष्णता सोडते, आणि तापमान वाढलं की जोडणीही वेगाने होते. जॅकेटमध्ये थंड पाणी सोडलंय, वाफा कंडेन्सरमधून परत खाली येतायत. ऐंशीच्या वर काटा रेंगाळू लागला की फॉर्मॅलिन थांबवायचं आणि तो उतरायची वाट पाहायची. या तासात कोणी जेवायला जात नाही.

दुपारी १२.३०
आता दर दहा मिनिटांनी नमुना. बी-४ कपातून किती सेकंदांत वाहतं ते बघायचं. किती पाणी घातल्यावर गढुळतं ते बघायचं. मग दीडशे अंशांच्या हॉटप्लेटवर थेंब टाकून काडीने घोळवायचा. पाकाची तार बघतात तसंच, फक्त इथे तार तुटायला लागेल त्या सेकंदाला घड्याळ थांबवायचं. हा जेल टाइम. लवकर थांबलो तर रेझिन लाकडात मुरून जातं आणि सांध्यात उरत नाही. उशीर झाला तर केटलमध्येच दगड होतो. मग आत माणूस उतरवून तो फोडून काढावा लागतो.

“बास, गार करा.” व्हॅक्यूम लागतो, काटा पडतो.

१.३०
सुटा फिनॉल किती उरला? रेझिनमधून तो वाफेबरोबर ऊर्ध्वपातित करून घेते, ब्रोमेट-ब्रोमाइड आणि आम्ल घालून फ्लास्क अंधारात ठेवते. ब्रोमिन नेमकं त्याच तीन जागांवर बसतं आणि ट्रायब्रोमोफिनॉलचा पांढरा साका येतो. उरलेल्या ब्रोमिनने पोटॅशियम आयोडाइडमधून आयोडिन सुटतं, त्याचं थायोसल्फेटशी टायट्रेशन. स्टार्चचा निळा गेला की आकडा मिळतो.

२.१५
ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा नमुना. इथे ४-अमिनोअँटिपायरीन घालायचं, ते ‘ओएच’च्या समोरच्या जागेवर बसून लाल रंग देतं. ती जागा अडलेली असेल तर काही फिनॉल निसटतात, म्हणून हा आकडा मी कमीत कमी समजून वाचते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ०.००१. हजारपट कडकपणाचं एक कारण नळात आहे: शुद्धीकरणाचं क्लोरिन त्याच जागांवर जाऊन बसतं आणि पाण्याला औषधी, घाण चव येते. ती चव यायला क्लोरोफिनॉल अगदी कणभर पुरतो.

३.००
चार्ज देताना दुसऱ्या पाळीच्या केमिस्टला ड्रमवरची तारीख दाखवते. लॉगबुकात ‘बॅच पूर्ण’ लिहिलंय, पण रेझोलची बॅच कारखान्यात पूर्ण होत नसते. आपण तिला फक्त गारव्यात ठेवतो. ड्रममध्येही ती सावकाश घट्ट होतच राहते. म्हणून थंड गोदाम, म्हणून जुना ड्रम आधी बाहेर. उरलेली जोडणी प्लायवूडवाल्याच्या गरम प्रेसखाली व्हायला हवी, आणि ती तिथेच व्हावी एवढा वेळ राखून देणं हाच आमचा माल.