वर्धा जिल्ह्याची लोकवस्ती आणि खानेसुमारीचे रकाने

आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या किती, असें कोणी विचारिलें म्हणजे बहुतेक शेतकरी बंधु पुस्तकांतला आंकडा सांगून मोकळे होतात. २०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणें तो १३,००,७७४ आहे. परंतु आम्हीं सारें आयुष्य तहसिलीच्या दप्तरांत घालविलें असल्यामुळें आम्हांस आंकड्यापेक्षां रकान्याचें भय अधिक वाटतें. कोणत्या रकान्यांत कोणास लिहिलें हें ठाऊक नसतां केलेली तुलना हमखास फसवी होते.

प्रथम गांवाचेंच घ्या. महसुली भाषेंत मौजा म्हणजे माणसांची वस्ती नव्हे. हद्द, नकाशा व शेतांचे नंबर असलेला जमिनीचा विभाग म्हणजे मौजा. त्यावर एकहि घर नसलें तरी तो मौजाच. अशा ओसाड मौजास आपल्याकडे रीठ म्हणतात. खानेसुमारीच्या गांवयादींत त्याचें नांव येतें, पण लोकसंख्येपुढें शून्य. सातबारा शाबूत, शेतसारा शाबूत, कास्तकार मात्र शेजारच्या गांवीं. गांवें उजाड होण्याचीं कारणें निरनिराळीं : कोठें पेंढाऱ्यांचा उपद्रव, कोठें दुष्काळ, कोठें पटकी, कोठें विहिरीचें पाणी आटलें. आपल्या खेड्यांतून दिसणाऱ्या मातीच्या पडक्या गढ्या त्या पेंढाऱ्यांच्याच धास्तीनें बांधलेल्या आहेत. नोकरींत असतां एकदां पटवाऱ्याबरोबर अशा एका रिठावर जाण्याचा प्रसंग आला. दोन चिंचा, पांढरीचा उंचवटा आणि शेंदूर उडालेला मारुति, एवढेंच गांव उरलें होतें. परंतु चैत्रांत शेजारचे लोक त्या मारुतीस नारळ फोडावयास येतात, असें कळलें.

१८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून आपला जिल्हा वेगळा झाला. मुख्य ठाणें आरंभीं पुलगांवजवळील कवठा येथें होतें, तें १८६६ सालीं पालकवाडीस आणिलें व तेथेंच आजचें वर्धा शहर वसलें. पुढल्या वर्षीं आगगाडी नागपुरास पोंचली. कापसाचा व्यापार वाढून हिंगणघाट व पुलगांव येथें गिरण्या निघाल्या, मारवाडी सावकार व अडते आले. तरीहि १९०१ सालीं जिल्ह्याची वस्ती सुमारें ३ लक्ष ८५ हजारच भरली. दहा वर्षांपूर्वीं ती याहून अधिक होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं हा खड्डा पाडिला.

आतां जातिजमातींकडे वळूं. कुणबी, तेली, माळी हे शेतीचे मुख्य लोक. उत्तरेकडे आर्वी, आष्टी, कारंजा या डोंगराळ भागांत गवळाऊ गाई पाळणारे गवळी. गोंड व कोलाम हे येथील जुने रहिवासी. येथेंच रकान्यांची खरी गंमत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धर्म स्वीकारला व महार समाजाच्या फार मोठ्या भागानें तो घेतला. महाराष्ट्रांत १९५१ सालीं बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आंत होती, ती १९६१ सालीं २८ लक्षांच्या घरांत गेली. माणसें तींच, घरें तींच, रकाना बदलला. जे बौद्ध म्हणून लिहिले गेले, ते अनुसूचित जातींच्या मोजणींतून सुटले. १९९० सालीं कायदा दुरुस्त झाल्यावर ते पुन्हां त्यांत आले. तसेंच गोंडांचें. अनुसूचित जमातींची यादी पूर्वीं ठराविक तहसिलींपुरती होती व वर्धा जिल्हा तींत नव्हता. १९७६ च्या कायद्यानें ती अट गेली. २०११ सालीं या जिल्ह्यांत अनुसूचित जमाती शेकडा साडेअकराच्या आसपास दिसतात. परंतु १९७१ च्या आंकड्याशीं हा ताडून पाहून गोंडांची वस्ती एकाएकीं फुगली असें म्हणणें शुद्ध अज्ञान होय.

खरा फेरफार दुसरीकडेच आहे. १९९१ सालीं जिल्ह्याची वस्ती १०,६७,३५७ होती, २००१ सालीं १२,३६,७३६ झाली. म्हणजे १,६९,३७९ नें वाढली. त्यापुढील दहा वर्षांत वाढ अवघी ६४,०३८. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची वाढ शेकडा १६ आणि आपली शेकडा पांचच्या जरा वर. मुलें कमी झालीं हें एक कारण, व जाणतीं मुलें नागपूर-पुण्याकडे गेलीं हें दुसरें. कापूस वेंचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीं म्हणून आपण कुरकुरतों, त्याचें एक मूळ या दोन ओळींत आहे. केवळ मजुरालाच दोष देऊन भागणार नाहीं, कारण गेलेल्यांत आपलेहि मुलगे आहेत.

महामारीमुळें २०२१ ची खानेसुमारी झाली नाहीं. पुढील गणतीसाठीं १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस सरकारनें जाहीर केला असून तींत सर्वांची जातवार नोंदहि व्हावयाची आहे. तेव्हां दोन भावांनीं एकाच घरांत एकानें 'कुणबी' व दुसऱ्यानें 'तिरळे' असें सांगूं नये. जात व पोटजात काय लिहवावयाची तें आधींच घरांत ठरवावें. दुसरें असें कीं, ही मोजणी राहत्या ठिकाणची आहे, वतनाची किंवा आठ-अ उताऱ्याची नव्हे. परगांवीं राहणाऱ्या मुलाचें नांव मायेपोटीं घरांत लिहविलें, तर तो दोन ठिकाणीं मोजला जातो. आमचाहि एक मुलगा पुण्यास आहे. त्याला तेथेंच नांव लिहविण्यास आम्हीं सांगून ठेविलें आहे.