एंडोमेट्रिओसिसमधील वेदना आणि स्वायत्त तंत्रिका

एंडोमेट्रिओसिस या व्याधीत गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, विशेषतः अंडाशयांवर व उदरपोकळीच्या आवरणावर, रुजते. मासिक स्रावाचा काही अंश अंडवाहिन्यांतून उलट पोकळीत उतरतो आणि तेथे मूळ धरतो, ही उपपत्ती जॉन सॅम्प्सन यांनी १९२७ साली मांडली. परंतु असा उलट प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत घडतो. व्याधी मात्र सुमारे १० पैकी एकीस जडते. शिवाय विकृतीचा विस्तार आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. मोजके ठिपके असलेली एखादी स्त्री वेदनेने तळमळते, तर व्यापक विकृती असलेल्या दुसरीस काही जाणवतही नाही. विकृती अल्प, म्हणून वेदना मनाची, असे ठरवून कित्येक रुग्ण स्त्रियांची बोळवण झाली आहे. हे अनुमान सदोष होय.

वेदनेचे मूळ तंत्रिका आणि प्रतिकारपेशी यांच्या परस्परव्यवहारात शोधावे लागते. विकृत ऊतकात नवे तंत्रिकातंतू फुटतात. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली तंत्रिका काही रासायनिक द्रव्ये स्रवून महाभक्षी पेशींना जवळ ओढतात. उलटपक्षी त्या पेशींपासून निघणारी वर्धक द्रव्ये तंतूंची वाढ करतात व त्यांना अधिक संवेदनक्षम बनवितात. हे चक्र एकदा सुरू झाले की वेदना ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून राहात नाही.

या व्यवहारात स्वायत्त तंत्रिकांचाही भाग आहे. ‘स्वायत्त’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा जॉन लँग्ली यांनी १८९८ साली रूढ केली. तीतून वस्तुस्थितीपेक्षा अधिक स्वातंत्र्य सूचित होते, हे त्यांनीही पुढे मान्य केले होते. प्रस्तुत व्याधीत तर या तंत्रिका पदोपदी प्रतिकारपेशींशी बांधलेल्या दिसतात. उदरावरणातील विकृतींलगत संवेदी तंतू दाट, तर अनुकंपी तंतू विरळ आढळतात. अनुकंपी तंतूंतून स्रवणारे नॉरअॅड्रेनलिन पुरेसे असता दाह शमविण्यास साहाय्य करते. ते उणावल्यास दाह बळावतो, असे मानले जाते. तथापि दाहशमन म्हणजे रोगशमन नव्हे. उंदरांवरील प्रयोगांत दीर्घकालीन ताणामुळे अनुकंपी संदेश वाढले असता विकृतीची वाढ झपाट्याने झाली, कारण ऊतक सांधणारे संदेशच येथे रोगाला पोसतात.

परानुकंपी विभागातील व्हेगस तंत्रिकेचे कार्य याच्या विरुद्ध दिसते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्ण स्त्रियांत व्हेगसची क्रियाशीलता कमी आढळली. उंदरांत ती तंत्रिका छेदल्यावर विकृती वाढली, तर कानाच्या पाळीमार्गे तिला उद्दीपन दिल्यावर घटली.