खेळातला समतोल, इतिहासातला असमतोल

संगणकावरचे सगळेच खेळ मारामारीचे नसतात. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली तयार केलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा आहे. आपण एक संस्कृती निवडायची, इ.स.पू. ४००० मध्ये पहिले गाव वसवायचे आणि लेखन, चाक असे शोध लावत अंतराळयानापर्यंत पोचायचे.

पहिल्या आवृत्तीत रोमन घ्या की झुलू, खेळाडूची साधने सारखीच असत. फरक असे तो संगणक चालवीत असलेल्या प्रतिस्पर्धी नेत्यांच्या स्वभावात. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संस्कृतीला खास गुण मिळाले. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत ते नेत्यांकडे गेले. भारतासाठी अशोक आणि गांधी हे दोन नेते आले. दोघांनाही मिळतो तो भारताचा चपळ कामगार. इतरांचा कामगार एका पाळीत दोन घरे चालतो, हा तीन. नेत्यांच्या दोन-दोन गुणांपैकी आध्यात्मिकता समान, दुसरा गुण मात्र वेगळा.

आता प्रश्न असा, की असे वेगवेगळे गुण तोलायचे कसे?

पहिली अडचण चक्रवाढीची. समजा, एका संस्कृतीची वाढ दर पाळीला २ टक्के आहे आणि दुसरीची ३ टक्के. फरक किरकोळ वाटतो. पण १०० पाळ्यांनंतर पहिली सुमारे ७ पट होते, तर दुसरी १९ पट! म्हणून सुरुवातीला मिळणारा छोटा लाभ शेवटी मिळणाऱ्या मोठ्या लाभालाही भारी पडू शकतो.

यावर एक उपाय दगड-कागद-कात्रीचा. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला आणि तिरंदाज भालाइताला, असे चक्र ठेवले की कोणीच सर्वश्रेष्ठ उरत नाही.

दुसरी अडचण पारखण्याची. दोन संस्कृतींमध्ये १०० डाव झाले आणि एकीने ५५ जिंकले, तर ती वरचढ म्हणावी का? वर्गातल्या ४० मुलांना प्रत्येकी १०० वेळा नाणे उडवायला सांगा. नाणे निर्दोष असूनही साधारण ७ मुलांना ५५ किंवा अधिक छापे मिळतील. म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. मात्र १००० डावांत ५५० विजय मिळाले, तर योगायोगाची शक्यता हजारात सुमारे एक इतकीच उरते. समतोल ठरवायला पुष्कळ डाव लागतात ते यामुळे.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. समतोल ही खेळाची गरज आहे, इतिहासाची साक्ष नव्हे. सगळ्यांना सारखीच संधी नसेल, तर खेळायला कोण बसेल? प्रत्यक्षात १४९२ पूर्वी ॲझटेक किंवा इंका लोकांकडे घोडाच नव्हता. अमेरिकेतले जंगली घोडे हजारो वर्षांपूर्वीच नष्ट झाले होते. तसेच, खेळात राज्य चालवणाऱ्या गांधीजींनी प्रत्यक्षात कोणतेही शासकीय पद घेतले नव्हते.

हा खेळ खेळणारी मुले आपल्या वर्गात असतील, तर खेळाने कोणकोणत्या गोष्टी सारख्या केल्या आहेत याची यादी त्यांना करायला सांगावी. मग एकेका नोंदीसमोर प्रत्यक्षात काय होते, ते इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांतून शोधून लिहायला सांगावे. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की चर्चेला भरपूर खाद्य मिळेल.