पशूंचें शरीरक्रियाशास्त्र आणि आपला गोठा

आपल्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यांनीं मुलास किंवा मुलीस पशुवैद्यक महाविद्यालयांत घातलें आहे, त्यांतील कित्येकांची एक तक्रार ऐकूं येते. ती अशी कीं, वर्ष होऊन गेलें तरी मुलास साधें औषध देतां येत नाहीं. आजारी गाय बरी कशी करावी हें न शिकवितां निरोगी गाईचें शरीर कसें चालतें हेंच तेथें शिकवीत बसतात. ही तक्रार वरवर पाहतां रास्त वाटते. परंतु तिच्या मुळाशीं गैरसमज आहे. त्याचें निरसन व्हावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुंबईस परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय इ. स. १८८६ सालीं निघालें. आज तें नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेंत आहे. पदवीचा क्रम साडेपांच वर्षांचा असून त्यांतील शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीचें असतें. शरीररचना व शरीरक्रिया हे दोन विषय आरंभींच येतात. पहिल्यानें अवयव कोठें आहे हें कळतें. दुसऱ्यानें तो काय करतो व कां करतो हें कळतें. गांवच्या दप्तरांत नेहमींची वसुली नोंदलेली नसेल, तर चालू सालची तूट किती, हें कोणास सांगतां येईल? त्याचप्रमाणें निरोगी शरीराचा हिशेब ज्यास पाठ नाहीं, त्यास रोगाची तूट ओळखतां यावयाची नाहीं.

प्रथम पचनाचें उदाहरण घेऊं. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा तो कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटांत शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. कडब्यांतील तंतु पचविणारा रस गाईच्या स्वतःच्या शरीरांत उत्पन्नच होत नाहीं. तें काम कोटीपोटांतील सूक्ष्म जंतु करतात. तेथील एका थेंबांत ते कोट्यवधि असतात. हे जंतु चारा आंबवून जीं सौम्य अम्लें तयार करतात, तीं कोटीपोटाच्या भिंतींतून रक्तांत शिरतात, आणि गाईस लागणाऱ्या शक्तीचा मोठा वांटा त्यांपासूनच मिळतो. सारांश, आपण वैरण घालतों ती आधीं जंतूंस पोंचते व मग गाईस.

हीं अम्लें प्रमाणाबाहेर वाढूं नयेत म्हणून लाळेची योजना आहे. मोठी दुभती गाय दिवसाकांठीं शंभर लिटरांच्या वर लाळ गिळते, व त्या लाळेंत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो. रवंथ जितका अधिक, तितकी लाळ अधिक. आतां दावें तोडून गाय खळ्यावर गेली आणि तिनें ज्वारीच्या राशींतून पोटभर दाणा खाल्ला, तर काय घडतें तें पाहा. दाण्यांतील पिष्ट फार झपाट्यानें आंबतें. दाण्यास रवंथ फारसा लागत नाहीं, म्हणून लाळ अपुरी पडते. दह्यांत असतें तेंच अम्ल कोटीपोटांत सांचत जातें व चारा पचविणारे जंतु मरतात. अंगांतील पाणी पोटांत ओढलें जातें, गाय सुस्त होऊन बसते, आणि वेळीं उपचार न झाल्यास एकदोन दिवसांत दगावते. अशा वेळीं दृष्ट काढण्यांत जी रात्र जाते, तीच मोलाची असते. ज्यास ही क्रिया ठाऊक आहे तो प्रथम अम्लाचा बंदोबस्त करतो. गाईचा खुराक वाढविणें झाल्यास तो एकदम न वाढवितां दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, या सल्ल्याचें कारणही हेंच. जंतूंस नव्या अन्नाची संवय होण्यास अवधि लागतो.

दुसरें उदाहरण पान्ह्याचें. गाय पान्हा चोरते असें आपण म्हणतों. पण चोरीचा आरोप ठेवण्यापूर्वीं चौकशी झाली पाहिजे. वासरूं लुचूं लागलें किंवा कांस धुतली, म्हणजे सडांतील ज्ञानतंतु मेंदूस वर्दी देतात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. तो कांसेंत पोंचतांच दुधाच्या कणिकांभोंवतींचे बारीक स्नायु आवळतात व दूध सडांत येतें. या रसाचा अंमल थोडींच मिनिटें टिकतो. म्हणून धार काढतांना मध्येंच उठूं नये.

इ. स. १९४१ सालीं इली व पीटरसन या अमेरिकन संशोधकांनीं यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांनीं कांसेच्या एका बाजूचे मज्जातंतु तोडले, तरी त्या बाजूनेंही पान्हा सोडला. यावरून कांसेस हुकूम रक्तावाटे येतो हें दिसून आलें. पुढें त्यांनीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवून व कागदी पिशव्या फोडून तिला भिवविलें, तेव्हां दूध अडलें. भय उत्पन्न झालें म्हणजे ॲड्रिनॅलिन नांवाचा दुसरा रस रक्तांत येतो, व तो पान्ह्याच्या आड येतो. धारेच्या वेळीं काठी उगारणारा गडी मालकाचेंच नुकसान करतो, तें असें.

दूध अडलें म्हणून रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याची खोड कांहीं गोठ्यांत शिरली आहे. सुईनें मुख्यतः कांसेंत तयार असलेलेंच दूध उतरतें, आणि पुढें जनावर सुईवांचून पान्हवत नाहीं. दूध वाढविण्यासाठीं फुंका मारणें, किंवा प्रकृतीस अपाय होईल अशी टोचणी करणें, हा इ. स. १९६० च्या प्राणिछळ प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ अन्वयें गुन्हा आहे. कायद्याचें भय नसलें तरी क्रिया समजलेला मनुष्य त्या वाटेस सहसा जाणार नाहीं.

तेव्हां वाचकांस विनंति ही कीं, मुलें सुटींत घरीं आलीं म्हणजे त्यांस औषधांचीं नांवें विचारूं नयेत, गोठ्यांत न्यावें. गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरावी. निरोगी गाईचें कोटीपोट मिनिटास एकदोन वेळां मुठीस उचलतें. तें कां उचलतें, व थांबलें तर काय समजावें, हें मुलानें सांगितलें, तर त्याचें वर्ष वायां गेलें नाहीं असें खुशाल समजावें.