बर्फाच्या माघारीचा माग

समुद्रतळावर बर्फाच्या खुणा शोधणारे हिमनदीतज्ज्ञ ज्युलियन डाउडस्वेल यांची सुरुवात समुद्रात झाली नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी केली ती स्वालबार्डच्या हिमनद्यांवर, आणि तीही उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांच्या आधाराने. त्या काळी हिमनदीचा अभ्यास म्हणजे बर्फात काठ्या रोवायच्या आणि पुढच्या मोसमात येऊन त्या किती सरकल्या ते मोजायचं, असा पायपिटीचा मामला होता. पण केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटची आणखी एक परंपरा होती. विमानातून रेडिओलहरी सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून बर्फाची जाडी काढायची, या तंत्रात ही संस्था साठच्या दशकापासून आघाडीवर होती. १९८३ साली नॉर्वेच्या संशोधकांबरोबर स्वालबार्डमधल्या आउस्टफोना या हिमटोपीवर अशी उड्डाणं झाली. त्या नोंदींवर काम करताना डाउडस्वेल यांच्यासमोर जे आलं ते त्यांच्या पुढच्या वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं. त्या हिमटोपीचा बराच तळ समुद्रसपाटीच्या खाली होता. बर्फ हटला तर तिथे जमीन उघडी पडणार नाही, समुद्र आत येईल.

मग आधी जिथून बर्फ हटला आहे, तिथे काय उरलं असेल? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, ध्रुवांकडच्या हिमचादरी कित्येक ठिकाणी भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, अगदी कडेपर्यंत पोचल्या होत्या. जमिनीवर त्यांच्या खुणा पाऊस, नद्या, झाडं आणि माणसांनी मोडून टाकल्या. चारपाचशे मीटर पाण्याखाली मोडायला कोणी नव्हतं. जिवंत हिमनदीच्या पोटाखालचा तळ रडारला फार तर विमानाच्या मार्गापुरता, एका रेघेएवढा दिसतो. समुद्रात तोच तळ मैलोन्‌मैल उघडा पडलेला असतो.

डाउडस्वेल यांची पुढची सगळी कारकीर्द, ॲबरिस्टविथ, ब्रिस्टल आणि पुन्हा केंब्रिज, या एका हेरण्यातून आली असं मला वाटतं. पदं आणि पदकं बरीच मिळाली. २००२ ते २०२१ ते स्कॉट इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पण मागे वळून पाहताना पदांपेक्षा उपकरणांचा क्रम जास्त बोलका ठरतो. दरवेळी नजर थोडी बारीक झाली आणि दरवेळी बर्फ आधी वाटला होता त्यापेक्षा चपळ निघाला.

नव्वदच्या दशकात हाताशी होतं ग्लोरिया, जहाजामागून ओढत न्यायचं लांब पल्ल्याचं सोनार. त्याला बारीकसारीक काही दिसत नसे, पण एका फेरीत प्रचंड पट्टा उरकत असे. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या समुद्रांत त्याने भूखंडमंचाच्या कडेखालचा उतार दाखवला. हिमप्रवाहांनी, म्हणजे हिमचादरीतल्या वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यांनी, कडेपर्यंत ढकलत आणलेला गाळ तिथून लोंढ्यालोंढ्याने खाली ओघळला होता आणि पंख्याच्या आकारात पसरला होता. बेअर आयलंडसमोरचा असा पंखा दोन लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. एवढा गाळ बर्फाने सर्वदूर सारखा सरकत आणलेला नाही. मोजक्या वेगवान प्रवाहांच्या तोंडाशीच त्याचे ढीग आहेत.

त्यानंतर जहाजांच्या पोटाला बहुकिरणी सोनार आलं. त्याच्या साहाय्याने अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या मार्गेरीट बे परिसरात डाउडस्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नाहीशा झालेल्या हिमप्रवाहाचा तळ नकाशावर उतरवला. कित्येक किलोमीटर लांब, एकमेकींना समांतर, जेमतेम काही मीटर उंचीच्या धारी, आणि त्यांच्याखाली काही मीटर जाडीचा मऊ गाळ. बर्फ या मऊ थरावरून घसरत गेला होता. याउलट पूर्व ग्रीनलंडच्या स्कोर्सबी सुंडसमोर सगळा गोंधळ दिसतो. तिथे हिमनगांची बुडं तळाला घासत गेली आणि वाऱ्या-प्रवाहांच्या लहरीप्रमाणे वेडेवाकडे चर पडले. धारी सरळ असतील तर वर अखंड हिमप्रवाह होता, चर आडवेतिडवे असतील तर सुटे हिमनग. आज हे पाठ्यपुस्तकात येतं, पण त्यासाठी आधी ही वर्णमाला कोणीतरी जमवावी लागली. २०१६ साली लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केलेला समुद्रतळावरच्या हिमानी भूरूपांचा ॲटलास ही ती वर्णमाला. डाउडस्वेल त्याच्या संपादकांपैकी एक. स्टॉकहोमचे मार्टिन याकोबसन, बार्सिलोनाचे मिकेल कनाल्स यांच्यासारखे सहसंपादक, आणि दोनशेहून अधिक लेखक. असं काम कोणाच्या एकट्याच्या नावावर जमा होत नाही. म्हणून ते मला त्यांच्या कित्येक शोधनिबंधांहून मोलाचं वाटतं.

तरी एक अडचण होतीच. सोनारचा किरण खाली जाता जाता पसरतो. एक अंश रुंदीचा किरण पाचशे मीटर खोलीवर नऊएक मीटरचा ठिपका होतो. त्याहून लहान जे असेल ते त्या ठिपक्यात विरघळून जातं. उपाय एकच, उपकरणच खाली न्यायचं. ऑटोसब नावाचं स्वयंचलित पाणयान २००४ साली पूर्व ग्रीनलंडजवळ समुद्री बर्फाखाली गेलं आणि परत आलं. पुढच्याच वर्षी अंटार्क्टिकात फिम्बुल या तरंगत्या हिमफळीखाली त्या मालिकेतलं यान कायमचं राहिलं. या धंद्यात हे गृहीतच धरावं लागतं.

२०१९ च्या वेडेल समुद्र मोहिमेचे डाउडस्वेल मुख्य शास्त्रज्ञ होते. जहाज दक्षिण आफ्रिकेचं, एस. ए. अगुल्हास २. वर्तमानपत्रांना रस होता तो ध्रुवसंशोधक शॅकल्टनचं १९१५ साली बुडालेलं जहाज एन्ड्युरन्स सापडतं का यात. तेव्हा ते सापडलं नाही, उलट शोधायला गेलेलं यान बर्फाखाली हरवलं. एन्ड्युरन्स मिळालं २०२२ साली, ३,००८ मीटर खोलीवर, अगुल्हासवरूनच गेलेल्या दुसऱ्या मोहिमेला. बातम्या त्याच्याच झाल्या, हे साहजिक आहे. पण पहिल्या मोहिमेने, यान हरवण्याआधी, लार्सन हिमफळींच्या भागात तळाजवळून फिरून जे टिपलं होतं ते माझ्या मते एन्ड्युरन्सहून मोठं सापडणं होतं.

यानाने टिपलेल्या तळाच्या नकाशात, एक मीटरहून बारीक तपशिलात, वरंबे दिसले. उंची दीड मीटरहून कमी, दोन वरंब्यांत अंतर २० ते २५ मीटर, आणि एका ओळीत नव्वदपर्यंत. बर्फ तळ सोडून जिथे तरंगू लागतो त्या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात. भरतीला बर्फाची कड उचलली जाते, ओहोटीला खाली बसते, आणि बसताना खालचा मऊ गाळ पिळून वर काढते. तेवढ्यात कड थोडी मागे हटलेली असते, त्यामुळे पुढचा वरंबा थोडा मागे तयार होतो. दिवसाला दोन भरत्या, म्हणजे दिवसाला ४० ते ५० मीटर माघार. वर्षाचा हिशेब केला तर १० किलोमीटरच्या वर. उपग्रहांनी तोवर मोजलेल्या वेगांपैकी पाइन आयलंड हिमनदीचा वर्षाला दीडेक किलोमीटर हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. हा निबंध मे २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला तेव्हा जग टाळेबंदीत होतं, त्यामुळे त्याची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही.

इथे थोडं थांबून शंका घेतली पाहिजे. सगळा हिशेब ‘एका भरतीला एक वरंबा’ या एका गृहीतकावर उभा आहे. वरंबा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच बनत असेल, तर वेग कितीतरी पटींनी खाली येतो. शिवाय नव्वद वरंबे म्हणजे दीडेक महिन्याचा ऐवज. त्यावरून वर्षभराचा वेग सांगणं म्हणजे थोडं ताणणंच. या शंकेवरचं अर्धं उत्तर दुसऱ्याच गटाकडून आलं. २०२२ साली पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीसमोर, रान नावाच्या यानाने सुमारे ७०० मीटर खोलीवर टिपलेले दीडशेहून अधिक वरंबे प्रसिद्ध झाले. त्यांच्या उंचीत चढउतार होता, आणि तो भरतीच्या चक्राशी, उधाण-भांगाशी जुळत होता. तिथला वेग निघाला वर्षाला २.१ किलोमीटरहून जास्त.

वर्षभराने वेडेल मोहिमेच्या निबंधातल्याच एक सहलेखिका क्रिस्टीन बॅचलर यांनी, तोवर न्यूकॅसल विद्यापीठात जाऊन, नॉर्वेसमोरच्या तळावरचे ७,६०० हून अधिक असे वरंबे मोजले. या निबंधातही डाउडस्वेल सहलेखक होते, पण अग्रभागी नव्हते. वेग निघाले दिवसाला ५५ ते ६१० मीटर. सर्वांत मोठे आकडे तिथलेच, जिथे तळ जवळजवळ सपाट आहे. सपाट तळावर बर्फ जरासा पातळ झाला तरी मोठा पट्टा एकदम तरंगू लागतो. उतारावर तसं होत नाही. म्हणजे किती वेगाने याचं उत्तर हवामानाइतकंच तळाच्या घडणीवरही अवलंबून आहे. थ्वेट्सची आजची ग्राउंडिंग लाइन अशाच एका सपाट तुकड्यापासून फार लांब नाही, अशी नोंद या गटाने त्याच कामात करून ठेवली आहे.