पाचशे तास म्हणजे किती वर्षं?

नगरकडच्या नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत प्लेटिंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सॉल्ट स्प्रेला ५०० तास काढलेत, आता बाहेर दहा वर्षं बघायला नको." तोंडी परीक्षेला अभियांत्रिकीची पोरंही हेच सांगतात, वर तासांची वर्षं करणारं कोष्टक दाखवतात. कोष्टक कुठून आणलं विचारलं, की गप्प.

असं कोष्टक नाहीच! या चाचणीचं एएसटीएम बी-११७ हे मानक १९३९ पासूनचं. नुसत्या या चाचणीचा उघड्यावरच्या टिकण्याशी मेळ क्वचितच बसतो, हे त्या मानकातच लिहिलंय. चाचणीच्या बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड सोडतात. नगरला अशी हवा कधी पाहिलीत? इथे पत्रा वर्षातले बरेच महिने कोरडा असतो. जस्ताचा मुलामा भिजतो, वाळतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर जस्त कार्बोनेटचा चिवट थर धरतो. पेटीत वाळायला उसंतच नाही. म्हणून तिथे लवकर हरलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा गोठ्यावर वर्षानुवर्षं निभावतो. आणि पेटीत पास झालेला रंग बाहेर उन्हाने भुकटी होऊन हाताला लागतो, कारण पेटीत ऊन नसतं.

मग पेटी कशाला? कालच्या बॅचशी आजची ताडून पाहायला. मुलामा पातळ पडला, छिद्रं राहिली, तर ती लगेच चुगली करते.

बाकीचे समज किरकोळ. स्टेनलेस गंजत नाही? बोअरच्या खारट पाण्यातलं क्लोराइड त्याला बारीक खड्डे पाडू शकतं. समुद्र नाही म्हणजे गंज नाही? साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, तिथला पत्रा बघून या. दिल्लीचा लोहस्तंभ चमत्कार? आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलंय, की त्या लोखंडातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे वर संरक्षक थर तयार झाला.

इथली हवा किती खाते हे मोजायचं, तर पोलादाचे तुकडे तोलून वर्षभर उघड्यावर टांगायचे, गंज काढून पुन्हा तोलायचे. आयएसओ ९२२३ प्रमाणे वजनातल्या घटीवरून काढलेली पहिल्या वर्षाची झीज १.३ ते २५ मायक्रॉन भरली तर हवा सी-२ वर्गातली, २५ ते ५० भरली तर सी-३. एक तुकडा कॉलेजच्या गच्चीवर, एक कारखान्याच्या गंधकभट्टीपाशी, एक गोठ्यात. लागतो तो मिलिग्रॅमचा तराजू. अडचण एकच: सेमिस्टर सहा महिन्यांचं, त्यामुळे टांगणारी बॅच वेगळी आणि तोलणारी वेगळी.