दोन अल्टरनेटर, एक बॅटरी

बीचक्राफ्ट बॅरन ५८ सारख्या हलक्या विमानात दोन्ही इंजिनांवर एकेक अल्टरनेटर असतो. बॅटरी २४ व्होल्टची, तर चार्जिंग साधारण २८ व्होल्टवर चालते. दोन्ही अल्टरनेटरनी भार सारखा वाटून घ्यायचा, हे बघणे रेग्युलेटरचे काम. दोन्ही रेग्युलेटरांच्या सेटिंगमध्ये थोडा जरी फरक पडला तरी एक अल्टरनेटर राबतो आणि दुसरा बसून खातो. म्हणून तपासताना नुसते व्होल्ट पाहू नयेत. लँडिंग लाइट लावून दोन्हींचे अँपिअर शेजारी शेजारी वाचावेत.

बॅरनच्या कॉन्टिनेन्टल इंजिनात अल्टरनेटर पट्ट्यावर नव्हे, गिअरवर फिरतो. मध्ये रबरी कपलिंग असते. ते घसरू लागले की चार्जिंग मंदावते, आणि तुटलेच तर तुकडे थेट इंजिनात जातात. त्यामुळे कपलिंग किती टॉर्कला घसरते याची तपासणी टाळणे हा शुद्ध निष्काळजीपणा. रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी ऐकू आली तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्यावा. पण सुटे पार्ट मागवण्याआधी अर्थिंगच्या जोडण्या घासून पाहाव्यात. बरेचदा दोष तिथेच निघतो.

दोन्ही अल्टरनेटर गेले तरी इंजिने बंद पडत नाहीत, कारण ठिणगी मॅग्नेटो देतात. बॅटरीही संपली तर मात्र रेडिओ गप्प होतो आणि विजेवर चालणारी चाके हाताने दांडा फिरवून खाली करावी लागतात.